नंबर वाटणारा कोण?

मंडळी, आजचा विषय माझ्या नेहमीच्या विषयांतला नाही. मी मराठी माध्यमातून बीए झालेली, आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवलेली बाई. स्विच म्हटलं की मला भिंतीवरचं दिव्याचं बटणच आठवायचं. पण गेले दोन महिने एक गोष्ट डोक्यात ठाण मांडून बसली आहे आणि लिहून टाकल्याशिवाय ती तिथून उठणार नाही. भाचेमंडळी म्हणतील, "मावशी, आता हेसुद्धा?" तर हो, हेसुद्धा!

म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच परत जाऊ शकतील. शाळेतलं, अभ्यासिकेतलं, ऑफिसातलं किंवा सोसायटीतलं नेट जर कुणी एक वायर चुकीच्या भोकात खोचल्यामुळे बंद पडत असेल, तर गुन्हेगार वायर खोचणारा नाही. गुन्हेगार आहे तो, ज्याने ते जाळं उभारलं, पैसे घेतले आणि दाराला कडी असूनही ती लावली नाही.

आता हकीकत. आमच्या बदलापुरात अभ्यासिकांचं पीक आलं आहे. घरं लहान, माणसं जास्त, टीव्ही चालू. मग स्पर्धा परीक्षा देणारी मुलं महिन्याचे पैसे भरून अशा अभ्यासिकेत सकाळी सातला बसतात ती रात्री दहाला उठतात. अशाच एका अभ्यासिकेत (नाव सांगत नाही) सरकारी भरतीचा फॉर्म भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी नेट गेलं. गंमत अशी की सगळ्यांचं गेलं नाही. सकाळपासून बसलेल्यांचं चालू, जेवून परत आलेल्यांचं बंद. कुणाला काही कळेना. संध्याकाळी माणूस आला, तासभर खुडबुड केली आणि कोपऱ्यातल्या टेबलाखालून एक जुना घरगुती राउटर उचलून वर धरला. सापडला चोर!

चोर कोण? तर अंबरनाथच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला जाणाऱ्या माणसाचा मुलगा. त्याच्या कोपऱ्यात वायफाय पोचत नव्हतं, म्हणून घरातला पडून असलेला राउटर त्याने आणला आणि टेबलापाशी भिंतीत असलेल्या नेटच्या सॉकेटला जोडला. राउटरच्या पाठीमागे पाच भोकं असतात. चार सारखी, एक वेगळं. त्याने वायर वेगळ्यात घालायची ती चारांतल्या एकात घातली. एवढाच अपराध. त्याचं डिपॉझिट जप्त झालं, अभ्यासिकेचं दार बंद झालं, आणि वर "मुद्दाम केलं असेल, स्पर्धा आहे ना" असं चारचौघांत ऐकवलं गेलं. दोन मुली स्टेशनजवळच्या सायबर कॅफेकडे धावल्या. एकीचा फॉर्म भरून झाला. दुसरीचं शुल्क भरायचं राहिलं ते राहिलंच. तिचं वर्ष गेलं.

मला हे कळलं ते त्या मुलाची आजी आमच्या भजनी मंडळात येते म्हणून. मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावलं. तो अंबरनाथचाच, मोठ्या कंपनीत हेच नेटवर्कचं काम करतो. तो अभ्यासिकेत जाऊन बघून आला, चहा प्याला आणि म्हणाला, "बाई, मुलाची काही चूक नाही. स्विचमध्ये सोय होती. कुणी चालूच केली नव्हती."

मग मी त्याला पाटी-पेन्सिल घेऊन समजावायला लावलं. जे समजलं ते माझ्या भाषेत सांगते.

दहावीचं परीक्षा केंद्र डोळ्यांपुढे आणा. पण अशी कल्पना करा की हॉल तिकीट नावाची गोष्टच नाही. मुलगा फाटकातून आत येतो आणि मैदानात उभा राहून मोठ्याने ओरडतो, "माझा नंबर कोणता? माझा वर्ग कुठला? पाणी कुठे मिळेल?" केंद्राचा कारकून खिडकीतून सांगतो, "तुझा नंबर अमुक, वर्ग तमुक." मुलगा म्हणतो, "बरं, तोच द्या." कारकून वहीत लिहितो आणि म्हणतो, "दिला." झालं. संगणक किंवा फोन जाळ्याला जोडला की अगदी हेच घडतं. चार वाक्यांचा संवाद. कुणी आहे का, हा घे नंबर, चालेल द्या, दिला. याला डीएचसीपी म्हणतात. नंबराबरोबर तीन-चार गोष्टी आणखी मिळतात. बाहेर जायचं दार कोणतं (म्हणजे राउटर), नावांवरून पत्ते कुणाला विचारायचे (म्हणजे डीएनएस), आणि हा नंबर किती वेळ तुझा. मुदत निम्मी सरली की यंत्र ज्याने नंबर दिला त्यालाच गाठून ती वाढवून घेतं. म्हणूनच सकाळच्या मुलांचं नेट चालू राहिलं. त्यांना ओरडावं लागलंच नाही.

आता मेख बघा. मुलगा मैदानात ओरडतोय, म्हणजे सगळ्यांना ऐकू जातंय. आणि त्याचा (बहुतेक यंत्रांचा) नियम असा की जो पहिला उत्तर देईल तो खरा. कारकून दूर ऑफिसात, आणि झाडाखाली एक भलताच माणूस टेबल टाकून बसलेला. तो जवळ आहे, रिकामा आहे, तो आधी बोलणार. कोपऱ्यातला तो घरगुती राउटर म्हणजे झाडाखालचा माणूस. वायर चुकीच्या भोकात गेली आणि तो आपल्या १९२.१६८ वाल्या वहीतून नंबर वाटू लागला. "बाहेर जायचं दार?" "मीच." पण त्याच्या स्वतःच्या बाहेरच्या दाराला वायरच नव्हती! जेवून आलेली सगळी मुलं त्या बंद दारावर डोकं आपटत बसली.

ही खोट कुणाला ठाऊक नव्हती असं नाही. डीएचसीपीचे नियम पहिल्यांदा १९९३ साली आले. आज चालतात ते मार्च १९९७ चे, राल्फ ड्रॉम्स नावाच्या गृहस्थांनी लिहिलेले. त्यातच सुरक्षिततेच्या कलमात साफ कबुली आहे की ही पद्धत आहे तशी फारशी सुरक्षित नाही आणि कुणीही अनधिकृत वाटपकेंद्र सहज उभं करू शकेल. २००१ साली खरा कारकून ओळखायची एक पद्धतही कागदावर आली, पण ती प्रत्यक्षात फारशी कुणी वापरली नाही. कारण प्रत्येक फोनला आणि संगणकाला आधी खूण शिकवून ठेवावी लागली असती. मग उपाय निघाला तो मधल्या पेटीत, म्हणजे स्विचमध्ये.

स्विच म्हणजे सगळ्या वायरी जिथे येऊन मिळतात ती चोवीस भोकांची पेटी. शाळेच्या भाषेत, पॅसेजमधला शिपाई. त्याला एवढंच सांगायचं, "या एका दारातून (जिथे खरं ऑफिस आहे) आलेलं 'हा घे नंबर' तेवढं पुढे जाऊ दे. बाकी तेवीस दारांतून मुलांनी नंबर मागावा, पण तिथून कुणी नंबर वाटायला लागला तर त्याचा कागद तिथेच फाडून टाक." याचं नाव डीएचसीपी स्नूपिंग. नाव चोंबडेपणाचं आहे, काम मात्र सरळ आहे. शिवाय हा शिपाई मस्टरही ठेवतो. कोणत्या दारातल्या, कोणत्या यंत्राला, कोणता नंबर, किती वेळ. त्या मस्टरवरून तो पुढे दुसऱ्याचा नंबर लावून बोलणाऱ्यालाही पकडू शकतो.

आणि हे सगळं त्या अभ्यासिकेतल्या पेटीत होतं. विकत घेतलेलं होतं! कारखान्यातून बहुतेक पेट्या येतात तेव्हा ही सोय बंद असते, कारण खरं ऑफिस कोणत्या दाराला आहे ते कारखान्याला कसं कळणार? ते सांगायचं काम बसवणाऱ्याचं. चार-सहा ओळींचं काम. तो बसवून गेला, दिवे लुकलुकले, "चालतंय ना?" म्हणाला, बिल घेतलं.

हा "चालतंय ना?" माझा खरा शत्रू आहे.

पत्ता म्हणजे काय हे आमच्या पट्ट्यातल्या लोकांना शिकवायची खरं तर गरज नाही. माझं बालपण उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात गेलं. लष्कराची ती छावणी. फाळणीनंतर तिथे एक लाखाच्या आसपास सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. सगळं मागे टाकून आलेल्या माणसाला सरकारने काय दिलं? तर एक नंबर. कॅम्प नंबर, सेक्शन नंबर, बॅरेक नंबर. रेशन त्यावर, टपाल त्यावर, पोरांचा शाळाप्रवेश त्यावर. तो नंबर छावणीच्या ऑफिसातूनच मिळायचा. नाक्यावर उभं राहून कुणी बॅरेक नंबर वाटले असते तर काय हाहाकार झाला असता! आणि "मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन" हा विनोद अजूनही हसत हसत सांगणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की आमच्याकडे नकली मालावर निदान शिक्का तरी असायचा. हा नकली कारकून तर बिनशिक्क्याचा, आणि त्याच्याकडून माल आपण न विचारता घेतो.

दुसरं उदाहरण पिनकोडचं. उल्हासनगर ४२१००१ पासून ४२१००५ पर्यंत, अंबरनाथ ४२१५०१, बदलापूर ४२१५०३. १५ ऑगस्ट १९७२ ला ही पद्धत सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, शिवाय संस्कृतचे कवी. सारखी नावं, न कळणारी लिपी, चुकलेले पत्ते यावर त्यांनी लोकांना "नीट पत्ता लिहायला शिका" असं नुसतं रागावून भागवलं नाही. लोक चुकणार हे धरून चालले आणि पद्धतच अशी केली की चूक झाली तरी पत्र पोचावं. याला म्हणतात व्यवस्था!

आता समोरून येणाऱ्या मुद्द्यांकडे वळते. गेल्या दोन महिन्यांत मी हे सगळे ऐकले आहेत.

पहिला, "लोकांनी वायर नीट लावावी." लावावी की. पण चोवीस दारं सार्वजनिक खोलीत उघडी ठेवायची आणि मग कुणी हात लावला की त्याच्या थोबाडीत द्यायची, याला मी शिस्त म्हणत नाही. पस्तीस वर्षं वर्ग सांभाळला. साठ मुलांच्या वर्गात शाईची दौत टेबलाच्या काठावर ठेवली तर ती सांडणारच. सांडवणाऱ्याचं नाव रोज वेगळं असेल, ठेवणाऱ्याचं नाव मात्र एकच.

दुसरा, "साध्या स्विचमध्ये ही सोय नसतेच." खरं आहे. स्वस्तातल्या पेट्या नुसत्या वायरी जोडतात, त्यांना काही सांगता येत नाही. घरात चार माणसांसाठी त्या ठीक. पण पैसे घेऊन पन्नास मुलांना बसवणाऱ्या जागी, दवाखान्यात, शाळेच्या संगणक-कक्षात त्या चालणार नाहीत. आणि जिथे सांगता येणारी पेटी आहेच, तिथे तर बोलायलाच नको.

तिसरा, "आता फायबर आलंय, हे जुनं झालं." अर्धं खरं. पूर्वी केबलवाल्यांचं नेट गच्चीवरून गच्चीवर वायरी टाकून यायचं आणि आख्खी गल्ली एकाच मैदानात ओरडायची. फायबरमध्ये एका घराचं ओरडणं सहसा दुसऱ्या घराला ऐकू जाऊ देत नाहीत, आणि जिथे प्रत्येकाला नाव आणि पासवर्ड देऊन जोडतात तिथेही हा धोका कमी. पण फायबर इमारतीच्या दारापर्यंत. आतल्या अभ्यासिकेचं, होस्टेलचं, क्लासचं, सोसायटीच्या कॅमेऱ्यांचं काय? तिथे पेटी तीच. नव्या आयपीव्ही६ मध्येही राउटर स्वतःच ओरडून सांगतो की मी इथला दरवाजा. त्यालाही आवर घालायची सोय २०११ पासून लिहून ठेवलेली आहे. तीही कुणीतरी चालू करावी लागते.

चौथा, "ते चालू केलं की नेट बंद पडतं." हे बसवणाऱ्यांचं लाडकं वाक्य! माझ्या विद्यार्थ्याने याची दोन कारणं सांगितली. एक तर खऱ्या ऑफिसाच्या दारावर विश्वासाची खूण करायची राहून जाते, मग शिपाई खऱ्या कारकुनाचेही कागद फाडतो. दुसरं, काही पेट्या मुलाच्या अर्जाला "हा अमुक दारातून आला" अशी एक चिठ्ठी टाचतात आणि काही कारकून टाचणी लावलेला अर्ज घेत नाहीत. दोन्ही गोष्टी माहीत करून घ्यायच्या असतात, आणि त्या माहीत असण्याचेच आपण पैसे देतो.

पाचवा जरा हळवा आहे. "म्हणजे सगळ्यांवर अविश्वास दाखवायचा का?" त्या सोयीत बाकीच्या दारांना खरोखरच अविश्वासू म्हणतात. पण परीक्षेच्या दिवशी पहिल्या नंबरच्या मुलीचाही कंपास मी उघडून बघायची. तिचा अपमान म्हणून नाही. सगळ्यांचा बघितला की कुणा एकावर संशय राहत नाही. त्या मुलाला "मुद्दाम केलं असेल" हे ऐकावं लागलं, कारण आधी कुणाचाच कंपास बघितला नव्हता.

आणि शेवटचा, "नेट गेलं तर गेलं, आभाळ कोसळलं का?" एकीचं वर्ष गेलं हे पुरेसं नसेल तर पुढे ऐका. तो मुलगा निष्पाप होता म्हणून नेट नुसतं बंद पडलं. झाडाखालचा माणूस लबाड असेल तर बंद पडत नाही, छान चालतं! तो फक्त सांगतो, "नावांचे पत्ते विचारायचे तर माझ्या माणसाला विचारा." डिसेंबर २००८ मध्ये ट्रोजन.फ्लश.एम नावाचा किडा नेमका हेच करायचा. एका संगणकात शिरून तिथे खोटा कारकून बसवायचा आणि शेजारच्या धडधाकट संगणकांना खोटा डीएनएस वाटायचा. शेजारी आजारी नसतानाही फसायचे. अशा डीएनएस बदलणाऱ्या टोळीतल्या एस्टोनियन मंडळींवर नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने कारवाई केली, तेव्हा शंभरावर देशांतले सुमारे चाळीस लाख संगणक बाधित असल्याचं सांगितलं गेलं. खोटे डीएनएस एकदम बंद केले तर इतक्या लोकांचं नेट जाईल म्हणून त्यांच्या जागी चांगले बसवून ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालू ठेवावे लागले.

आता बँकांच्या पानांना कुलूप असतं, एचटीटीपीएस असतं, त्यामुळे पूर्वीइतकं सोपं नाही हे मान्य. खोट्या पानावर गेलात तर फोन इशारा देतो. पण माझ्या वयाची किती माणसं तो इशारा वाचतात? पेन्शनचा हयातीचा दाखला काढायच्या घाईत "पुढे जा" दाबणारे हात मी बघितले आहेत. आणि ज्यांना वाटतं की व्हीपीएन घेतलं की झालं, त्यांच्यासाठी मे २०२४ ची बातमी. टनेलव्हिजन या नावाने संशोधकांनी दाखवून दिलं की खोटा कारकून नंबराबरोबर "या वाटेने जा" अशी सूचनाही देऊ शकतो आणि व्हीपीएनच्या बोगद्यातून जायची पत्रं बाहेरूनच जाऊ लागतात. (अँड्रॉइड फोन ती सूचना मुळात ऐकतच नाहीत, म्हणून ते वाचले.) त्यांनी सुचवलेल्या उपायांत एक कोणता? स्विचवर स्नूपिंग चालू करा. म्हणजे फिरून तीच कडी!

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यांत जास्त बोचते. जाळ्यावरचा नंबर ही आता साक्ष झाली आहे. २००७ साली ऑर्कुटवर शिवाजी महाराजांची बदनामी झाल्याच्या प्रकरणात बंगळूरच्या एका संगणक अभियंत्याला पुणे पोलिसांनी उचललं आणि तो सुमारे पन्नास दिवस येरवड्यात होता. नंतर कळलं की त्या नंबराची माहितीच चुकीची दिली गेली होती. तो माणूस वेगळाच! पुढच्या वर्षी, २६ जुलै २००८ ला, अहमदाबादच्या स्फोटांआधी काही मिनिटं आलेली ई-मेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या वायफायवरून गेलेली निघाली, आणि त्या घरातला माणूस चौकशीच्या फेऱ्यात सापडला. त्याच ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या कॉलेजचं आणि सप्टेंबरमध्ये चेंबूरच्या एका कंपनीचं वायफाय तसंच वापरलं गेलं. या प्रकरणांत खोटा कारकून नव्हता, हे स्पष्ट सांगते. एकात नोंद चुकली, बाकीच्यांत दार उघडं होतं. पण धडा एकच. नंबर कुणाला कधी दिला याचं मस्टर पक्कं नसेल तर पोलीस निष्पापाच्या दारात येतात. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने सेवा देणाऱ्यांना आणि कंपन्यांना नोंदी १८० दिवस जपायला सांगितलं. जपा की. पण झाडाखालच्या माणसाने वाटलेल्या नंबरांची नोंद कोणत्या वहीत सापडणार?

तर माझी मागणी साधी आहे. ज्या जागी लोक पैसे देऊन किंवा हक्काने नेट वापरतात, तिथे ही कडी लावणं बसवणाऱ्याच्या कामाचाच भाग धरावा. वायरिंगवाल्याने अर्थिंग द्यावं तसं. अर्थिंग दिलं नाही आणि शॉक बसला तर आपण शॉक बसलेल्याचं डिपॉझिट जप्त करतो का?

आणि माझ्या वाचकांपैकी जे सोसायटीच्या कमिटीत आहेत, शाळांच्या संस्थांवर आहेत, क्लास चालवतात, त्यांनी येत्या बैठकीत आपल्या नेटवाल्याला तीन प्रश्न विचारावेत. आमच्याकडे नंबर कोण वाटतं आणि ते कोणत्या दाराला आहे? बाकी दारांतून कुणी वाटायला लागला तर पेटी त्याला अडवते का, दाखवा. दिलेल्या नंबरांचं मस्टर कुठे राहतं आणि वीज गेली तर ते पुसलं जातं का? (आमच्याकडे वीज जाते हो!) उत्तर येईलच, "काकू, तुम्हाला नाही कळणार ते." तेव्हा शांतपणे सांगायचं, मला कळायची गरज नाही, तुम्हाला कळतं ना, मग चालू करून दाखवा.

त्या मुलाचं डिपॉझिट अजून परत मिळालेलं नाही. माझा विद्यार्थी एका रविवारी जाऊन ती पेटी नीट करून आला, फुकट. अभ्यासिकेच्या मालकांनी त्याचे आभार मानले, मुलाची माफी मात्र मागितली नाही. मी त्यांना पत्र लिहिलं आहे, कागदावर, पिनकोड घालून. ते पोचेल याची मला खात्री आहे.